नाटकाच्या पत्रिकेचं मुखपृष्ठ: पोस्टर लहान करून भागत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरमधली एक हौशी मराठी संस्था वर्षाला पाच-सहा नाटकं लावते, काही स्वतः बसवलेली, काही मुंबई-पुण्याहून बोलावलेली. प्रेक्षकांना दारात जी पत्रिका देतात, तिच्या मुखपृष्ठावर आजवर निर्मात्याकडून आलेलं पोस्टरच लहान करून छापलं जायचं. आता मुखपृष्ठ स्वतंत्र करायचं आहे. आकार कोणता, चित्र कसलं, अक्षरं कशी, कागद कोणता आणि छापखान्यात काय बिघडतं?

आधी पोस्टरबद्दल. पोस्टरचं काम तिकीट खपवणं. ते वीस फुटांवरून, चालत्या स्कूटरवरून दिसायला हवं, म्हणून त्यावर नटांचे चेहरे आणि मोठी नावं. पत्रिका हातात पडते तेव्हा तिकीट खपलेलं असतं, माणूस खुर्चीत बसलेला असतो आणि कागद डोळ्यांपासून फूट-सव्वा फुटावर असतो. त्याला आता काहीही विकायचं नाही. पुढचे दोन-अडीच तास कोणत्या जगात घालवायचे आहेत, त्याची पहिली चाहूल द्यायची आहे, तीही सभागृहाच्या मंद उजेडात. ही दोन कामं निराळी आहेत आणि मुखपृष्ठाचे बाकीचे बहुतेक निर्णय यातूनच निघतात.

मोह होतो तो मापांमुळे. २० × ३० इंची पोस्टर आणि डेमी आकाराची पत्रिका यांचं प्रमाण जवळजवळ सारखं, त्यामुळे पोस्टर सहज बसतं. पण बसतं म्हणजे ते सत्तावीस-अठ्ठावीस टक्क्यांवर येतं. पोस्टरवर २४ पॉइंटमध्ये असलेलं नेपथ्यकाराचं नाव पत्रिकेवर साडेसहा पॉइंटचं होतं, आणि मात्रा-वेलांट्यांसकट साडेसहा पॉइंटची देवनागरी साठीच्या पुढच्या प्रेक्षकाला वाचता येत नाही. आपला मराठी नाटकाचा प्रेक्षक किती वयाचा असतो ते सांगायला नको.

आकार डेमी अष्टमांशच धरा, म्हणजे बंद पत्रिका ५.५ × ८.५ इंच, उघडं कव्हर ११ × ८.५ इंच. ए-५ अनेकांना आवडतो, पण हिशेब करून बघा. डिजिटल छपाईची नेहमीची शीट १२ × १८ इंची, म्हणजे ३०५ × ४५७ मिमी. डेमीची दोन उघडी कव्हरं तिच्यावर एकाखाली एक बसतात, चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना पांढरी कड राहू नये म्हणून मापाबाहेर छापलेला जादा भाग) धरूनसुद्धा. ए-५ चं उघडं कव्हर ब्लीडसह ३०३ × २१६ मिमी होतं. शीटची आखूड बाजू ३०५ आणि मशीन कडेचे चार-पाच मिमी छापत नाही, त्यामुळे दोन बसवायला जागाच उरत नाही. एका शीटला एक कव्हर, आणि शीटचा खर्च दुप्पट. प्रेसकडे १३ × १९ ची शीट असेल तर ए-५ चीही दोन बसतात, ती मिळते का ते आधी विचारा. प्रती साधारण पाचशेच्या आत असतील तर डिजिटल, त्यावर गेल्या की ऑफसेटचा, म्हणजे प्लेट बनवून होणाऱ्या छपाईचा, भाव काढायचा. प्रती खुर्चीमागे एक नकोत. लोक जोडीने, कुटुंबाने येतात. दोन खुर्च्यांमागे एक पुरते.

आता चित्र. हसरा-रडका मुखवटा, लाल पडदा, स्पॉटलाइटचा गोल या तीन गोष्टी कोणत्याही नाटकाला चालतात, म्हणून त्या कोणत्याच नाटकाच्या नसतात. नटांचे फोटो टाळायला वेगळं, व्यवहाराचं कारण आहे: दौऱ्यावरच्या नाटकात रिप्लेसमेंट होते. मुंबईहून गाडी निघण्याच्या आदल्या दिवशी कळतं की अमुक भूमिका आता दुसरं कुणी करतंय, आणि तुमच्या पाचशे मुखपृष्ठांवर जुना चेहरा असतो. कलावंतांची यादी आतल्या पानावर ठेवा. बदल झालाच तर एक चिठ्ठी आत सरकवता येते. चेहऱ्यावर मात्र चिठ्ठी चिकटवता येत नाही.

मग काय घ्यायचं? संहिता पूर्ण वाचा, आणि रंगमंचावर खरोखर असणारी एखादी वस्तू शोधा, जिच्याशी नाटकात काहीतरी घडतं. इंदूरकरांना हे शिकवायला बाहेरून कुणी यायला नको. १९२७ साली चित्रकार देवळालीकर मास्तरांनी इथे कलाशाळा उभी केली. बेंद्रे, हुसेन, डी. जे. जोशी हे चित्रकार तिथूनच पुढे गेले. त्याच शाळेचे विष्णू चिंचाळकर गुरुजी वाळकी पानं, दगड, टाकाऊ लाकूड यांच्यातून चेहरे आणि आकार उभे करायचे. वस्तूकडे नीट पाहिलं की ती बोलते, ही नजर या गावात आहेच. ती मुखपृष्ठावर आणायची.

एक उदाहरण घेऊ. समजा, नाटक दोन भावांचं आहे, वडिलोपार्जित वाड्याच्या वाटणीचं. पहिल्यांदा सुचतं ते तडा गेलेली भिंत किंवा मधोमध फाटलेला वाड्याचा फोटो. हे प्रेक्षकाला पत्रिका न वाचताच कळतं, म्हणून निरुपयोगी. दुसऱ्या विचारात किल्ल्यांचा जुडगा येतो; तोही वापरून गुळगुळीत झालाय. आता दरवाज्याजवळ जा. एकाच चौकटीवर दोन नावांच्या पाट्या, आडनाव एकच. एक पितळेची, काळवंडलेली, वर्षानुवर्षं ब्रासो न लागलेली. दुसरी नवी ॲक्रिलिकची, तिचे स्क्रू अजून चकचकीत, आणि भोक पाडताना उडालेला रंगाचा टवका तसाच. दोन्हींच्या खाली तेवढ्याच मापाची रिकामी जागा, आणि त्या जागेत, तिसऱ्या पाटीसारखं, नाटकाचं नाव. वाटणी झाली हे चित्रात आहे, कशी झाली ते नाही. शेवट फोडलेला नाही आणि मध्यंतरात पत्रिका पुन्हा हातात घेतली तर त्या टवक्याचा अर्थ बदललेला असतो.

हे चित्र करण्याआधी नेपथ्यकाराला एक फोन करा. सेटवरचा दरवाजा हिरवा आणि मुखपृष्ठावरचा निळा असेल तर पडदा उघडल्यावर पहिली पाच मिनिटं प्रेक्षक तेच बघत बसतो. दिग्दर्शकालाही कच्चं स्केच दाखवा, पण "आवडलं का" असं विचारू नका. "यातून काही फुटतंय का" एवढंच विचारा. आवडीनिवडीची चर्चा सुरू झाली की मुखपृष्ठ समितीचं होतं, आणि समितीच्या मुखपृष्ठावर शेवटी मुखवटेच येतात.

फोटो वापरायचा असेल तर पिक्सेल मोजा. नुसत्या पुढच्या पानाला ब्लीडसह साधारण १७०० × २६२५ पिक्सेल लागतात, ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपक्यांच्या) हिशेबाने. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रतिमा आकसून येते. मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून किंवा मेलवर मागवा. नेटवरून उचललेलं चित्र नको, आणि नाटकाची छायाचित्रं वापरताना निर्मात्याबरोबर छायाचित्रकाराचीही परवानगी घ्या, आत त्याचं नाव द्या.

अक्षरांवर सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो, आणि इंदूरात तर दुप्पट. बाहेरून आलेल्या नाटकाचं टायटल बहुधा ठरलेलं असतं: वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत, पोस्टरवर, सगळीकडे एकच अक्षरांकन. ते तसंच वापरा, निर्मात्याकडून व्हेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी न फुटणारी) मागा, जेपीजीवरून गिरवू नका. स्वतःच्या नाटकाचं टायटल मात्र फॉन्टमधून न उचलता काढून घेतलं तर मुखपृष्ठ निम्मं तिथेच होतं. काही नियम मोडू नयेत. देवनागरीला अक्षरांत अंतर देऊन पसरवू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्दाची अक्षरं सुटी होतात. उभं लिहायचंच तर जोडाक्षर फोडू नका. दोन ओळींचं टायटल असेल तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांत घुसतात का ते बघा. इंग्रजीच्या सवयीने ठेवलेलं ओळींमधलं अंतर आपल्याला पुरत नाही. मजकुराला अक्षराच्या सव्वा ते दीडपट अंतर धरा, टायटलला डोळ्याने जुळवा.

बारीक मजकूर मुखपृष्ठावर असलाच तर तो ११ पॉइंटच्या खाली नको. काळ्यावर पांढरा असेल तर १२, आणि जाड वजनाचा, कारण चार रंगांच्या काळ्यात पांढऱ्या बारीक रेषा शाईने बुजतात. ह्रस्व-दीर्घाचा फरक तिथेच नाहीसा होतो.

आता इंदूरची खास अडचण. इथल्या बऱ्याच प्रेसमध्ये डीटीपी ऑपरेटरचा हात हिंदीवर बसलेला असतो, मजकूर कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या हिंदी फॉन्टमध्ये, काम कोरल ड्रॉमध्ये. माणूस कामात तरबेज असतो, पण मराठी त्याच्या बोटांत नसते. त्यामुळे काळे यांचे काले होतात, 'दुसऱ्या'चा थेट 'दुसर्या' होतो, ॲ ची जागा ऐ किंवा ए घेतो. दऱ्या आणि दर्या यांत फरक आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. उपाय एकच: मजकूर टाइप करायला द्यायचाच नाही. युनिकोडमध्ये घरी टाइप करून, स्वतः पानावर लावून, अक्षरं कर्व्ह करून (फॉन्ट लागू नये म्हणून रेषाकृतींत बदलून) पीडीएफ द्यायची. कर्व्ह केलेल्या फाइलमध्ये दुरुस्ती करता येत नाही, तेव्हा उघडी फाइल वेगळी जपून ठेवा. इनडिझाइनमध्ये काम करत असाल तर परिच्छेदाचा कंपोझर 'वर्ल्ड-रेडी' निवडा. तो राहून गेला की पहिली वेलांटी अक्षराच्या मागे पडते आणि जोडाक्षरं पायमोडकी होऊन सुटतात. भाषा 'मराठी' निवडा. काही फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी वळणं आत असतात, पण भाषा हिंदी राहिली तर हिंदी वळणं छापून येतात. वाचकाला काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण पान परगावचं वाटतं. ५, ८ आणि ९ या आकड्यांचंही तेच.

तारीख, वेळ, सभागृह मुखपृष्ठावर घालायची घाई असते. प्रेक्षक सभागृहातच बसलाय, त्याला ते माहीत आहे. दोन दिवसांत सभासदांच्या गटांप्रमाणे पाच प्रयोग असतील, जे आपल्याकडे होतं, तर वेळ छापली की प्रत्येक गटाला वेगळी पत्रिका लागते. महिना-वर्ष पुरे, तेही मागच्या पानावर. पुढे राहावं ते नाटकाचं नाव, लेखक-दिग्दर्शकांची नावं आणि संस्थेचं नाव. निर्मात्याने श्रेयनामांचा जो क्रम दिला असेल तो आतल्या पानावर जसाच्या तसा ठेवा. त्यामागे करार असू शकतो, डिझाइनच्या सोयीसाठी तो हलवायचा नसतो.

जाहिरातदारांशिवाय पत्रिका निघत नाही, त्यामुळे त्यांच्यावर राग काढून उपयोग नाही. छापखान्याच्या भाषेत कव्हरची पानं चार: एक म्हणजे पुढचं, दोन आणि तीन आतली, चार मागचं. दोन, तीन, चार विका. एक विकू नका. फारच आग्रह झाला तर खाली १२-१५ मिमीच्या पट्टीत लोगो, सगळे एकाच रंगात. नमकीनवाल्याचा लाल-पिवळा लोगो एकदा पुढे आला की बाकी सगळं त्याच्या जाहिरातीची पार्श्वभूमी होतं.

मागच्या जाहिरातीचा आणखी एक त्रास आहे. उघड्या कव्हरमध्ये पुढचं पान उजवीकडे असतं आणि मागचं डावीकडे (हे उलटं लावलेल्या फाइली प्रेसमध्ये नेहमी येतात). पुढचा रंग फिका आणि जाहिरातीची पार्श्वभूमी गडद, दोघांची सीमा बरोबर घडीवर ठेवली, तर घडी एखादा मिलिमीटर सरकतेच आणि पुढच्या पानाच्या डाव्या कडेला गडद रंगाची केविलवाणी रेघ दिसते. म्हणून पुढचा रंग घडी ओलांडून मागे ५-६ मिमी जाऊ द्या, जाहिरात त्यापलीकडून सुरू करा. चित्रातला चेहरा, हात, अक्षर घडीपासून आणि तिन्ही कडांपासून किमान ५ मिमी आत ठेवा.

रंगांबद्दल थोडंच. पडद्यावरचा निळा छापून जांभळा येतो, कारण त्यात मॅजेंटा (छपाईची गुलाबी शाई) सायनच्या (निळ्या शाईच्या) जवळ पोचलेला असतो. दोघांत तीसेक टक्क्यांचं अंतर ठेवा, सायन १०० तर मॅजेंटा ७० च्या आत. मोठ्या काळ्या पृष्ठभागाला नुसता काळा धुरकट दिसतो, म्हणून सायन ६०, मॅजेंटा ४०, पिवळा ४०, काळा १०० असा घट्ट काळा द्या. पण बारीक अक्षरांना फक्त काळा १००, नाहीतर प्लेट किंचित सरकली की अक्षरांना रंगीत सावल्या येतात. चारही शाईंची बेरीज आर्ट पेपरवर ३०० च्या आत, मॅपलिथोवर (चकाकी नसलेल्या साध्या कागदावर) २४०-२६० च्या आत ठेवा. बजेट कमी असेल तर चार रंगांचा हट्ट सोडा. रंगीत कागदावर एक काळा आणि एक खास मिसळलेला रंग, एवढ्यात चांगलं अक्षरांकन असलेलं मुखपृष्ठ उत्तम उठतं; मला तर अशी मुखपृष्ठं गुळगुळीत चाररंगी पत्रिकांपेक्षा जास्त आवडतात.

कागद निवडताना सभागृहाचा विचार करा. ३०० जीएसएमचं (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचं) ग्लॉस लॅमिनेटेड कार्ड देखणं दिसतं, पण हळव्या प्रवेशात कुणी ते वाकवलं की कडकड आवाज तीन रांगांपर्यंत जातो, आणि रंगमंचावरचा उजेड त्यावरून शेजाऱ्याच्या डोळ्यांत उडतो. लॅमिनेशनशिवाय १७० जीएसएम मॅट आर्ट पेपर बहुतेक वेळा पुरतो. आत ८० किंवा ९० चा मॅपलिथो, पानं चारच्या पटीत, मधोमध दोन पिना. कव्हर २०० च्या पुढे गेलं, किंवा घडीवर गडद रंग असेल, तर क्रीझिंग करून (घडीची रेघ आधी दाबून) घ्याच. नाहीतर घडीवर शाई फुटून पांढरी दातेरी रेघ उमटते. कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, घडीला समांतर हवा. १२ × १८ च्या शीटवर वर सांगितल्याप्रमाणे दोन कव्हरं लावली की घडी १८ इंचाच्या बाजूने पडते, तेव्हा ग्रेनही त्याच दिशेचा मागा. कळत नसेल तर शीट दोन्ही दिशांनी हलकी वाकवून बघा. जिकडून सहज वाकते, घडी त्या बाजूने. मॅट लॅमिनेशन काळ्यावर केलंत तर प्रत्येक नखाचा ओरखडा दिसतो, हेही धरून चला.

पावसाळ्यात ऑफसेटची शाई लवकर सुकत नाही. जुलै-ऑगस्टच्या प्रयोगाला भरगच्च रंगाचं कव्हर असेल तर छपाई आणि घडी यांच्यात एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा, नाहीतर एका प्रतीची शाई दुसरीच्या पाठीवर उमटते. उलटा हिशेब मांडायचा तर प्रयोगाच्या पंधरा दिवस आधी संहिता वाचून झालेली, दहा दिवसांवर स्केच मंजूर, आठवड्यावर सगळी नावं लेखी पक्की, पाच दिवस आधी छापील प्रूफ, दोन दिवस आधी पत्रिका हातात. मध्ये रविवार येतो का तेही कॅलेंडरवर बघा.

प्रूफ मोबाइलवर तपासू नका. शंभर टक्के मापात कागदावर काढा, दुमडा, पिना मारा, खोलीतला मोठा दिवा बंद करून कोपऱ्यातल्या एका दिव्याच्या उजेडात हात लांब करून वाचा. नाटकाचं नाव, मग दोन्ही नावं, मग संस्थेचं नाव, या क्रमाने डोळा जातो का बघा. नावं तपासताना एकाने मूळ कागदावरून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रूफ बघायचं, आणि दुसरा माणूस ज्याने मजकूर टाइप केला तो नसावा. स्वतः टाइप केलेल्या शब्दात डोळ्याला चूक दिसत नाही. आडनावांतला ळ, ऱ्या, अनुस्वार आणि रु-रू यांच्यासाठी एक वेगळी फेरी करा.

वर्षभराच्या नाटकांना एकत्र बांधायचं असेल तर एक चौकट ठरवून टाका. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरांत १८८४ पासून चालत आलेल्या 'प्लेबिल'ची पिवळी पट्टी वर कायम असते आणि खालचं चित्र नाटकागणिक बदलतं. तुमच्या पत्रिकेला वर २५ मिमीची पट्टी, तिच्यात संस्थेचं नाव एका ठरलेल्या अक्षरांकनात आणि हंगामाचं वर्ष, एवढं पुरे. पट्टीचा रंग दरवर्षी एक, दर नाटकाला नाही. बाकीची साडेसात इंच उंची त्या त्या नाटकाच्या चित्राची, तिथे पट्टीचा रंग पुन्हा वापरायचा नाही. चौकट ठरली की पुढच्या मुखपृष्ठांचं मापांचं काम संपतं, वाद फक्त चित्रावर उरतो.

पत्रिका पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्यांत बांधून घ्या, म्हणजे रवींद्र नाट्यगृहाच्या दारात उभ्या असलेल्या कार्यकर्त्याला मोजत बसावं लागत नाही. बदलाची चिठ्ठी असेल तर ती मुखपृष्ठाच्या लगेच आत, वरची कड अर्धा इंच बाहेर दिसेल अशी ठेवा. वीसेक प्रती, उघडी फाइल, फॉन्ट आणि टायटलची व्हेक्टर फाइल एकत्र ठेवा. याच नाटकाचा पुढच्या वर्षी प्रयोग लागला तर फक्त आतलं पान, पट्टी आणि मागचं महिना-वर्ष बदलून भागेल.